बैरसिया सोडून सगळं

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. दोन्ही गावं पवारांची. देवास तर दोन पात्यांचं, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४८ मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन राजे नांदले, त्यामुळे एका छपराखाली दोन कारभार असले तर आमच्याकडे कुणाला त्याचं अप्रूप वाटत नाही. मी जेरीला आले ती दोन कॉम्प्युटरांचा एक करताना.

मी घरी बसून व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. सोयाबीनचे आडते आहेत, एक औषधांचं दुकान आहे, एक टायरवाले आहेत. हौसेचं काम वेगळं: मराठी लग्नपत्रिका आणि मंडळाच्या स्मरणिका जुळवून देणं. ते आलं दादाकडून. धारला त्याचं लहानसं छपाईचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. माझ्या कॉम्प्युटरात टीपीएम २.० नसल्यामुळे विंडोज ११ त्यावर बसेना. आणि नेमकं तेव्हाच दादानं जाहीर केलं की दुकानातला सगळा जुना मजकूर आता मी सांभाळावा. दोन्हीकडचा बॅकअप घ्यायचा आणि नव्या कॉम्प्युटरात टाकायचा, काम म्हटलं तर एवढंच. त्यात काय काय समजत गेलं ते लिहून ठेवते आहे. क्रम महत्त्वाचा नाही, जसं डोक्यात शिरलं तसा आहे.

१. बॅकअप पूर्ण झाला म्हणजे सगळं आलं, असं नसतं. हिरवी पट्टी टोकाला पोचली, इकडच्या-तिकडच्या फायलींचा आकडा जुळला, मी देवापुढे साखरसुद्धा ठेवली. मग एकेक फाईल उघडायला बसले. फाईल जागेवर होती. ती उघडणारं सॉफ्टवेअरही कॉपी होऊन आलं होतं. पण ते मला ओळखच देईना. लायसन सापडत नाही, अ‍ॅक्टिव्हेट करा, हा कॉम्प्युटर नोंदलेला नाही. धारच्या लेकीला अशा वेळी बैरसिया आठवणारच. १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी धार संस्थान जप्त केलं आणि १८६० मध्ये आनंदराव पवारांना परत दिलं. आनंदराव तेव्हा अज्ञान होते. सगळं परत मिळालं, फक्त बैरसिया परगणा नाही. तो भोपाळच्या बेगमेला गेला. लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं, एवढं संस्थान परत देता, मग एका परगण्यावरून कसला हिशेब मांडता? आता तोच हिशेब माझ्या मॉनिटरवर मांडलेला होता. घरात तेव्हापासून काहीही रिस्टोअर करायला घेतलं की लेक पुण्याहून फोनवर पहिलं विचारते, ‘बैरसिया आलं का?’

२. कुलपाला आम्ही उगाच शिव्या घातल्या. नव्वदच्या दशकात मराठी जुळणी करायची तर श्री-लिपी, आकृती अशी सॉफ्टवेअरं घ्यावी लागत, आणि त्यांच्याबरोबर एक हार्डवेअर लॉक यायचं. दादाकडचं कुठल्या कंपनीचं होतं ते राहू दे. बाजारात त्याला डोंगल म्हणत, आमच्या घरी ते ‘कुलूप’. कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरचं पंचवीस छिद्रांचं पोर्ट असायचं. त्यात कुलूप बसवायचं आणि कुलपाच्या पाठीला प्रिंटरची वायर. कुलूप काढलं की सॉफ्टवेअर चालायचं बंद. हरवलं तर सॉफ्टवेअर नव्यानं विकत घ्यायचं. दादा रोज दुकान बंद करताना गल्ल्याबरोबर कुलूप घरी आणायचा, आणि वहिनीचे दागिने ज्या डब्यात, त्याच डब्यात ते ठेवायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो.

आता वाटतं, सगळ्या परवान्यांत हा परवाना सरळ होता. त्याला नाव, गाव, ई-मेल काही लागत नव्हतं. ज्याच्या हातात कुलूप, त्याचं काम चालू. जुना कॉम्प्युटर जळाला तर दुसऱ्याला लावा, कुणाला फोन करायची गरज नाही. धारहून ते माझ्या पर्समध्ये बसून निघालं, इंदूरच्या गंगवाल बस स्टँडवर उतरलं आणि देवासला आलं. वाटेत कुणी विचारलं नाही की ही परवानगी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर का चालली आहे. फक्त नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नव्हतं. दुकानातून यूएसबीची वायर आणली, तिला पंचवीस छिद्रांचं तोंड होतं, मी खुशीत. कॉम्प्युटरवाला मुलगा माझी कीव करत म्हणाला, “आंटी, इससे सिर्फ प्रिंटर चलेगा, डोंगल नहीं पकड़ेगा.” त्याचं खरं निघालं. परवाना जिवंत होता, पण तो दाखवायला खिडकीच उरली नव्हती.

३. विंडोज माझं नव्हतं, त्या डब्याचं होतं. कॉम्प्युटर विकत घेतला तेव्हा विंडोज त्यात होतंच. बिलावर त्याचाही उल्लेख होता, म्हणून मी धरून चालले की दोन वस्तू घेतल्या आहेत आणि त्यातली एक जुनी झाली तरी दुसरी माझ्याकडे राहील. कंपनीनं कॉम्प्युटरात घालून दिलेलं विंडोज, ज्याला ओईएम म्हणतात, त्या पहिल्या यंत्राच्या मदरबोर्डाला बांधलेलं असतं. यंत्र संपलं की तेही संपलं. दुकानातून वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज मात्र जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं. दिसायला दोन्ही सारखीच, बटणंही तीच. आख्ख्या डिस्कची इमेज काढून नव्या यंत्रात ओतली तर पडद्यावरचं चित्र आणि कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा जसंच्या तसं दिसतं, आणि त्यावर अ‍ॅक्टिव्हेशनची आठवण करून देणारी ओळ. बरोबर आलेल्या ऑफिसचीही तीच कथा. दादाचा एक जुना कॅबिनेट मागेच अटालेवाल्याला किलोवर गेला होता. त्याच्या कडेला चिकटवलेला पंचवीस अक्षरांचा स्टिकरही त्याबरोबर गेला. अटालेवाल्यानं त्याचे वेगळे पैसे दिले नाहीत.

४. परवाना कुणाच्या नावावर आहे, हे गरज पडेपर्यंत कुणी बघत नाही. दुसऱ्यांच्या वह्या लिहून पोट भरणाऱ्या बाईनंही नाही. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरात एक परवाना एका वेळी एका जागी चालतो. कॉम्प्युटर बदलायचा तर आधी जुन्यावरून परवाना ‘सरेंडर’ करायचा, मग नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट. नियम रास्त आहे. पण सरेंडर करायला जुना कॉम्प्युटर चालू हवा, आणि माणसं कॉम्प्युटर बदलतात तेव्हा बहुतेक वेळा तो बंद पडलेला असतो.

माझ्या एका आडत्याच्या गोदामातला कॉम्प्युटर पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं गेला. बॅकअप माझ्याकडे होता, त्यात काळजी नव्हती. यंत्र मेलं असेल तर परवाना मोकळा करून घ्यायची सोयही असते, पण ती नोंदणीतल्या ई-मेलवरून. त्या ई-मेलचा शोध लागला तो असा: परवाना ज्या विक्रेत्यानं बसवून दिला, त्यानं घाईत आपलाच ई-मेल टाकला होता. तेव्हा आडत्याकडे ई-मेल नव्हता, त्यामुळे त्या मुलाचं फार चुकलं असंही म्हणवत नाही. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. विक्रेता सापडला, भला माणूस, चहा पाजला. पासवर्ड त्याच्या लक्षात नव्हता, आणि पासवर्ड बदलायचा तर ज्या फोनवर निरोप येणार तो नंबर त्यानं कधीच सोडून दिला होता.

तोवर काम चाललं एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी ठेवलेल्या फुकट अवस्थेत. त्यात जुनी खाती उघडतात, बघता येतात, पण नवी नोंद करायची तर तारीख १, २ किंवा ३१ अशीच चालते. आडत्याला हे सांगितलं. तो गंभीरपणे विचारात पडला आणि म्हणाला, “तो भाभीजी, सारी बिक्री एक तारीख को ही कर दें क्या?” मला हसू आलं, पण त्याचा प्रश्न अगदी व्यवहारी होता. जीएसटीच्या कायद्यानं वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून पुढे ७२ महिने हिशेब जपायचे असतात. जपायचं त्यानं, आणि ते उघडायची किल्ली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या माणसाच्या विसरलेल्या पासवर्डात. शेवटी बिलं, पॅन कार्ड, अर्ज असं सगळं पाठवून परवाना त्याच्या स्वतःच्या नावावर आला. त्यानंतर मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या नोंदण्या उघडून पाहिल्या. किती जणांच्या नावावर त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं ते विचारू नका.

५. गेलेले कॉम्प्युटरही मोजले जातात. हे एक परिच्छेदभर लिहिण्याइतकंही नाही, पण चीड येते म्हणून लिहिते. कुठे दोन यंत्रांची मर्यादा, कुठे पाच, अँटिव्हायरसला एकाची. मी हिशेब केला, माझं तर एकच यंत्र आहे. सॉफ्टवेअर म्हणे, मर्यादा संपली. तपासलं तर यादीत माझा पहिला कॉम्प्युटर होता, त्याची फॉरमॅट करण्याआधीची एक आवृत्ती होती, नंतरची एक होती, आणि जावयांनी परत नेलेला लॅपटॉपही होता. मतदार यादीत गेलेली माणसं नांदत असतात, तसे सगळे माझ्या नावावर नांदत होते. अ‍ॅपलनं आयट्यून्समध्ये ‘सगळ्यांना एकदम वगळा’ असं बटण ठेवलं होतं, तेही वर्षातून एकदाच दाबता येई. इतरांकडे ते बटणही शोधावं लागतं.

६. अक्षरंसुद्धा भाड्याची असू शकतात, हे मला सगळ्यात जास्त लागलं. दादाच्या फायली मी एका साध्या मजकुराच्या खिडकीत उघडल्या. म्हटलं, मांडणी नाही आली तरी निदान शब्द तरी येतील. आली ती इंग्रजी अक्षरं आणि उद्गारचिन्हं, मध्येच एखादा डॉलर. फाईल बिघडलेली नव्हती. त्या काळच्या फाँटांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक निराळी. श्री-देव-०७०८ मध्ये जिथे ‘क’ बसतो तिथे दुसऱ्याच्या फाँटात दुसरंच कुणी. म्हणजे फायलीत मराठी कधीच नव्हती. मराठी होती ती फाँटात, आणि फाँट सॉफ्टवेअरबरोबर, कुलपाच्या आत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून ती कॉम्प्युटरवर नीट दिसूही लागली. पण छपाईच्या दुकानांना पेजमेकरची सवय, पेजमेकरला युनिकोड येत नव्हतं, आणि मध्य प्रदेशच्या बाजाराचं सगळं कृतिदेववर सुरळीत चाललं होतं. घाई कुणालाच नव्हती. दादाला तर मुळीच नव्हती.

मग कन्व्हर्टर आले. जुना मजकूर टाका, युनिकोड घ्या. फुकट मिळाले ते हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यामुळे ‘वऱ्हाडी मंडळी’ बाहेर पडली ती ‘वर्हाडी’ होऊन. पुजाऱ्यांचे ‘पुजार्यांचे’ झाले. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली. लग्नपत्रिकेत वऱ्हाड नसेल तर कसं चालेल? मी एकेक पान वाचत, दुरुस्त करत बसले, आणि त्यात फार वेळ गेला, कारण नुसतं दुरुस्त करून पुढे जाता येईना. स्मरणिकांतल्या जाहिराती वाचत राहिले. बंद झालेली मंगल कार्यालयं, इंदूरला गेलेले डॉक्टर, ‘आमच्याकडे गणपतीच्या शाडूच्या मूर्ती मिळतील’ अशी चौकट. धार-देवासच्या मराठी घरांची अशी यादी दुसरीकडे कुठे नसावी.

धारच्या भोजशाळा–कमाल मौला परिसरात १९०३ मध्ये संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक कोरीव शिळा मिळाली. तेराव्या शतकातल्या मदन नावाच्या राजगुरूची ‘पारिजातमंजरी’ नाटिका तिच्यावर होती. नाटिका चार अंकांची. शिळेवर अंक दोन. उरलेल्या दोन अंकांची शिळा आजतागायत मिळालेली नाही. दगडाला लायसन लागत नाही, फाँट लागत नाही, लिपी आणि भाषा येणारा माणूस आला की सातशे वर्षांनीही तो बोलू लागतो. पण प्रत एकच. हे मी दादाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आपल्या फायलींचं महत्त्व पटावं म्हणून. तो म्हणाला, “अगं, पण मी स्मरणिका छापल्या होत्या ना?” छापल्या होत्या. प्रत्येकी काहीशे. ज्या फायली कुठल्याच कन्व्हर्टरला दाद देईनात, त्यांचा मजकूर मी देवासच्या एका काकूंच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यातून परत टाइप केला. काकूंनी गठ्ठा दिला तो रद्दीच्या सुतळीसकट.

७. प्रत काढणं हा गुन्हा नाही, हे कळून मी थोडी वरमलेच. इतकी वर्षं सीडीची कॉपी करताना दार लोटून घेत होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट सोय आहे: ज्याच्याकडे प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे, त्यानं हरवण्या-बिघडण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढली तर तो भंग नाही. अडतं ते प्रतीवर नाही, ती कुठे आणि किती जागी चालवता यावर. ती मर्यादा येते करारातून, आपण न वाचता ‘मान्य’ करतो त्या. प्रत काढायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न देवासच्या माणसाला तसा नवा नाही. गावात १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे, इथे तो प्रश्न सरकारनं एकदाच सोडवला आहे.

हिशेब लिहिणारी म्हणून मला आणखी एक मजा वाटते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात ठरवलं की डब्यातून विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे, त्यावर विक्रीकर लागतो. २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं की असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला एक प्रत मिळते, कॉपीराइट मिळत नाही, म्हणून परदेशी विक्रेत्याला दिलेले पैसे ‘रॉयल्टी’ होत नाहीत. दोन्ही निकाल आपापल्या जागी नीट आहेत. पण माझ्या टेबलावरून असं दिसतं की कर भरताना ती वस्तू असते, आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ठेवायची म्हटली की ती परवानगी होते.

८. चोरीचं सॉफ्टवेअर सगळ्यात सुखानं हललं. हे लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. दादाच्या जुन्या डिस्कमध्ये कुणीतरी, कधीतरी टाकलेली क्रॅक केलेली दोन सॉफ्टवेअरं निघाली. नवीन यंत्रात ती गुमान उठून बसली. त्यांनी ना ई-मेल विचारला, ना मर्यादा सांगितली. ज्यांचे पैसे रीतसर भरले होते, ती मात्र अडून बसली होती. पैसे देणाऱ्याच्या हाती पावती येते आणि पावतीबरोबर अटी येतात. न देणाऱ्याला दोन्ही नाही. मी ती काढून टाकली. सचोटी म्हणाल तर निम्मीच होती. व्यापाऱ्यांचा डेटा असलेल्या यंत्रात कुणी काय घुसवून ठेवलं आहे याची धास्ती निम्मी. दादाचं मत वेगळं आहे. त्याच्या बाजारात खरं सॉफ्टवेअर घेणारा तो जवळजवळ एकटा होता, शेजारी क्रॅकवर पत्रिका छापून त्याच्यापेक्षा स्वस्तात देत, आणि कुलूप जपत जपत तो धंद्यात मागे पडला. त्याला उत्तर देता येत नाही मला.

९. परवाना देणाराच उद्या नसेल, ही शक्यता करारात कुठेच मोठ्या अक्षरात नसते. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा घेतलेली पुस्तकंही वाचकांच्या यंत्रांतून गेली. पैसे परत दिले, ते खरं. अ‍ॅडोबीनं सीएस २ या जुन्या संचाचं अ‍ॅक्टिव्हेशन करणारे सर्व्हर बंद केले, तेव्हा ज्यांनी तो घेतला होता त्यांच्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन न लागणारी प्रत ठेवली, म्हणजे निभावलं. पण निभावायचं की नाही हे ठरवलं त्यांनी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ मधली. त्या फायली अ‍ॅडोबीचं इनडिझाइन सीएस ६ पर्यंत उघडत होतं, पुढच्या आवृत्त्यांनी ते सोडून दिलं. आणि मग गंमत अशी की २०१५ पासून लिबरऑफिस त्या उघडतं, जे फुकट आहे आणि कितीही यंत्रांवर घाला, कुणी मोजत नाही. सगळं जसंच्या तसं येत नाही, चौकटी सरकतात, फाँट नसेल तर अक्षरांचा गोंधळ आहेच. तरी एका रात्री धारच्या एका मुंजीची पत्रिका, वेलबुट्टीसकट, माझ्या पडद्यावर उभी राहिली. ती उघडून देणारी माणसं कोण, कुठली, मला माहीत नाही. मी त्यांना एक रुपयाही दिलेला नाही. ज्यांना दिले होते त्यांच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

१०. नोंदणीत फोन नंबर कुणाचा द्यायचा, हा आता आमच्या घरात चर्चेचा विषय आहे. कुलूप बदलून यूएसबीचं मिळेल का म्हणून मी चौकशी केली, तर बिल आणि नोंदवलेला नंबर मागितला. बिल दादानं जपलेलं होतं, जर्द पिवळं झालेलं. नंबर होता लँडलाइनचा, ०७२९२ नं सुरू होणारा, जो केव्हाच परत केला, आणि असता तरी त्यावर ओटीपी आला नसता. माझा नंबर द्यावा तर मी साठी ओलांडलेली. म्हणून व्यापाऱ्यांची नाहीत, निदान घरची सगळी सॉफ्टवेअरं मी लेकीच्या नंबरावर केली. परिणाम असा की देवासला मी काही हलवायला घेतलं की पुण्यात तिच्या मीटिंगमध्ये फोन थरथरतो. “आई, हा कुठला ओटीपी?” हा मेसेज मला येतो, आकडे येत नाहीत. आकडे येतात तोपर्यंत दहा मिनिटं झालेली असतात.

हे सगळं ऐकून घेऊन दादा म्हणाला, “मग असं कर, माझं कुलूप परत पाठव. जुनं मशीन अजून लागतंय, आणि सोमवारी पत्रिका छापायच्या आहेत.” कुरिअरवर माझा भरवसा नाही. भाचा इंदूरला चालला होता, त्याच्याबरोबर दिलं. बिल मात्र माझ्याकडे ठेवून घेतलं आहे.